प्रिस्टलीचा न जुळलेला जमाखर्च

रासायनिक समीकरणाचा तोल साधणे हा शाळेत भल्याभल्यांना छळणारा प्रकार. डावीकडे किती अणू, उजवीकडे किती, कुठे २ लिहायचा आणि कुठे ३... हा खटाटोप कशासाठी, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. त्यामागची एक गोष्ट इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका लहान गावाशी जोडलेली आहे.

गावाचे नाव नॉर्थंबरलंड. सस्क्वेहाना नदीच्या दोन शाखांचा इथे संगम होतो. तिथे एक पांढरे लाकडी घर आहे. ते जोसेफ प्रिस्टलीचे. आता त्याचे संग्रहालय झाले आहे. प्रिस्टली मूळचा इंग्लंडचा धर्मोपदेशक. त्याची धर्ममते वेगळी, त्यात फ्रेंच राज्यक्रांतीला उघड पाठिंबा. १४ जुलै १७९१ रोजी बर्मिंगहॅममध्ये जमावाने त्याचे घर आणि प्रयोगशाळा जाळली. शेवटी १७९४ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, तो देश सोडून अमेरिकेत आला. म्हणजे आमच्यासारखाच परदेशी येऊन राहिलेला. फक्त आम्ही नोकरीसाठी आलो, तो जीव वाचवायला.

त्याआधी वीस वर्षे, १ ऑगस्ट १७७४ रोजी, त्याने एका मोठ्या भिंगाने सूर्याची किरणे पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर एकवटली. भस्माचा पारा झाला आणि एक वायू सुटला. त्यात मेणबत्ती भलतीच जोमाने जळत होती. हाच प्राणवायू. (स्वीडनच्या शीलला तो आधीच मिळाला होता, पण त्याचे पुस्तक १७७७ साली आले.) जळणाऱ्या पदार्थातून 'फ्लॉजिस्टन' नावाचे काहीतरी बाहेर पडते, असे तेव्हा मानत. प्रिस्टलीने या वायूला 'फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा' ठरवले.

त्याच वर्षी पॅरिसला जेवताना त्याने हे लाव्हाझिएला सांगितले. लाव्हाझिए सरकारी करवसुलीच्या कंपनीतला भागीदार, आणि प्रयोगशाळेतही जमाखर्चाचा पक्का. त्याने बंद भांड्यात पारा बारा दिवस तापवला. आतली ५० घनइंच हवा ४२-४३ वर आली आणि पाऱ्यावर तांबडे भस्म जमले. ते भस्म, वजन ४५ ग्रेन, पुन्हा जोरात तापवल्यावर ४१.५ ग्रेन पारा मिळाला आणि ७-८ घनइंच वायू. जेवढी हवा गेली होती, जवळपास तेवढीच परत आली!

आज आपण हे असे लिहितो:

२ पाऱ्याचे ऑक्साइड → २ पारा + १ ऑक्सिजनचा रेणू

हे २ आले कुठून? ऑक्साइडच्या एका घटकात ऑक्सिजनचा एकच अणू असतो, पण वायूतले अणू जोडीने राहतात. जोडी जमायला दोन घटक हवेत. आता वजने बघा. पाऱ्याच्या अणूचे वजन २००.६, ऑक्सिजनचे १६. या हिशेबाने ४५ ग्रेन भस्मातून सुमारे ४१.७ ग्रेन पारा यायला हवा. लाव्हाझिएला मिळाला ४१.५. अणुभारांचा तक्ता नव्हता, रेणूची कल्पना नव्हती. होता तो फक्त तराजू. (पाऱ्याची वाफ विषारी असते, तेव्हा हा प्रयोग घरी नको.)

क्रियेआधी आणि क्रियेनंतर द्रव्य तेवढेच राहते, हे लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट मांडले. द्राक्षाचा रस आंबण्याची क्रिया तर त्याने बरोबरचे चिन्ह टाकून लिहिली. समीकरण म्हणजे ताळेबंद, ही कल्पना इथली.

प्रिस्टलीला हे पटले नाही. पण त्याला हटवादी म्हणून सोडून देणे बरोबर नाही, कारण त्याचा आक्षेप खरा होता. लोखंडाचे ऑक्साइड आणि चांगला तापवून कोरडा केलेला कोळसा एकत्र तापवले की जळणारा वायू निघतो. लाव्हाझिएच्या मते जळणारा वायू म्हणजे हायड्रोजन, आणि तो येतो पाण्यातून. मग इथे पाणी कुठे आहे? या प्रश्नाने फ्रेंच मंडळी खरोखर अडचणीत आली. १८०० साली नॉर्थंबरलंडहून प्रिस्टलीने फ्लॉजिस्टनच्या बाजूने पुस्तकच काढले.

उत्तर दिले इंग्लंडच्या विल्यम क्रुकशँकने, १८०१ साली. हा वायू हायड्रोजन नाहीच; तो कार्बन आणि ऑक्सिजनचा आहे. म्हणजेच कार्बन मोनॉक्साइड. लोखंडाचे काळे ऑक्साइड घेतले तर:

१ लोखंडाचे ऑक्साइड + ४ कार्बन → ३ लोखंड + ४ कार्बन मोनॉक्साइड

डावीकडे २३२ आणि ४८, म्हणजे २८०. उजवीकडे १६८ आणि ११२, पुन्हा २८०. पाण्याची गरजच नाही. ताळेबंद जुळत नव्हता, कारण एका खातेदाराचे नाव चुकीचे लिहिले होते. म्हणूनच तोल साधताना पुढचे आकडे बदलायचे, रेणूच्या आतले नाहीत. आतला आकडा बदलला की पदार्थच बदलतो. पाण्यात एक ऑक्सिजन वाढवा, हायड्रोजन पेरॉक्साइड होईल.

दोघांचे नशीब बघा. ८ मे १७९४ रोजी लाव्हाझिएचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला, करवसुलीतल्या त्या भागीदारीपायी. तेव्हा प्रिस्टली अटलांटिकवर जहाजात होता. पुढे अडीच वर्षांत त्याचा मुलगा आणि बायको गेली. ६ फेब्रुवारी १८०४ रोजी तो वारला, फ्लॉजिस्टन न सोडताच.

१ ऑगस्ट १८७४ रोजी, त्या प्रयोगाच्या शताब्दीला, अमेरिकेतले रसायनतज्ज्ञ नॉर्थंबरलंडला जमले. त्यातूनच दोन वर्षांनी अमेरिकन केमिकल सोसायटी उभी राहिली. तिचा सर्वोच्च सन्मान आजही प्रिस्टली पदक म्हणून ओळखला जातो. तिथे जमलेल्यांपैकी फ्लॉजिस्टन कुणाला हवे होते? पण नेमका प्रश्न विचारणाराही ताळेबंद जुळवायला मदतच करतो, हे त्यांना ठाऊक असावे. घरात कुणी आठवी-नववीत असेल आणि समीकरणाशी झगडत असेल, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.