अपघात की धडक? एका शब्दाचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलावला म्हणजे तो बोनस आणि महागाईभत्ता यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी तुमची थोडी निराशा करणार आहे. मी एका शब्दावर बोलणार आहे. मी भाषापंडित नव्हे. शाळा मला लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि नुकसानभरपाई आयुक्तांच्या कचेरीबाहेरच्या बाकड्यावर. त्या बाकड्यावर बसून ज्या शब्दाशी माझी सर्वांत अधिक ओळख झाली, तो शब्द म्हणजे ‘अपघात’.

कोणत्याही दिवशीचे वर्तमानपत्र उघडा. ‘दुचाकीस्वारावर काळाचा घाला.’ ‘चालकाचा ताबा सुटून ट्रक उलटला.’ ‘दैव बलवत्तर म्हणून बालक बचावले.’ या तीन मथळ्यांत काळ आहे, दैव आहे आणि चालक आहे. गाडीचा मालक नाही, रस्त्याचा ठेकेदार नाही, चालक किती तास जागा होता हेही नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावर ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली, असा सरकारचाच अहवाल सांगतो. म्हणजे दर तासाला सुमारे एकोणीस. इतक्या नेमाने जे घडते त्याला अकल्पित म्हणावे काय, हा प्रश्न कोणालाही पडावा.

इंग्रजी बोलणाऱ्या मुलुखांत हा प्रश्न बराच गाजला आहे. तेथील एका पक्षाचे म्हणणे असे की, ‘अ‍ॅक्सिडेंट’ या शब्दात ‘कोणाचा इलाज नव्हता’ असा अर्थ दडलेला आहे. म्हणून ‘क्रॅश’ म्हणा, ‘कोलिजन’ म्हणा. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या वैद्यकीय नियतकालिकाने ‘अ‍ॅक्सिडेंट’ शब्दाला आपल्या पानांवर मज्जाव केला. २०१३ साली न्यूयॉर्कच्या पोलिसांनी आपल्या तपासपथकाच्या नावातून तो शब्द काढला आणि तेथे ‘कोलिजन’ घातला. ऐकताक्षणी हे पटते. मलाही पटले होते. परंतु या शब्दाचा मागचा इतिहास पाहू लागलो तेव्हा माझी तेवढी खात्री राहिली नाही.

इंग्लंडात जुन्या काळी एक विलक्षण कायदा होता. एखाद्या वस्तूने माणसाचा जीव घेतला तर ती वस्तू, किंवा तिची किंमत, राजाकडे जप्त होई. तिला ‘डिओडंड’ म्हणत, म्हणजे देवाला द्यावयाची वस्तू. त्यातले बारकावे मोठे गमतीचे आहेत. उभ्या गाडीच्या चाकावरून माणूस पडून मेला तर फक्त चाक जप्त. गाडी चालती असेल तर गाडी आणि तिच्यातला मालही जप्त. आपल्याला हसू येते. पण विचार करा, त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या काळात निदान गाडीकडे बोट दाखवले जात होते.

पुढे आगगाडी आली. २४ डिसेंबर १८४१ च्या पहाटे ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एक गाडी सॉनिंग येथील खोदलेल्या दरीतून जात असता रुळांवर ढासळलेल्या मातीत घुसली. गाडीत लंडनमध्ये पार्लमेंटची नवी इमारत बांधणारे पाथरवट आणि मजूर होते. नाताळसाठी घरी निघालेले. तिसऱ्या वर्गाचे त्यांचे उघडे, ठेंगण्या कडांचे डबे इंजिन आणि मालडबे यांच्यामध्ये जोडलेले होते. मागचा माल पुढे रेटला गेला आणि माणसे बाहेर फेकली गेली. एकंदर नऊ जण दगावले. कोरोनरच्या पंचांनी इंजिन आणि डबे यांच्यावर एक हजार पौंडांचे डिओडंड बसवले. माती पावसाने ढासळली असेल. मजुरांना मालडब्यांच्या पुढे उघड्यावर बसवण्याचे काम पावसाने केले नव्हते, हे त्या साध्या पंचांना कळले होते.

रेल्वे कंपन्यांना हा जुनाट कायदा एकाएकी बोचू लागला यात नवल नाही. ऑगस्ट १८४६ मध्ये पार्लमेंटने डिओडंड रद्द केले आणि त्याच महिन्यात दुसरा कायदा केला. त्याच्या मथळ्यात ‘अपघाताने मेलेल्यांच्या कुटुंबांना भरपाई’ असे शब्द होते. पोटात मात्र अट होती की मृत्यू कोणाच्या तरी गैरकृत्याने किंवा हयगयीने झाला पाहिजे. मथळा अपघाताचा आणि मजकूर अपराधाचा! हाच कायदा १८५५ साली हिंदुस्थानात आला. येथे मात्र मसुदा करणाऱ्याने मथळ्यातच ‘दावा लावण्याजोगे गैरकृत्य’ असे स्वच्छ लिहिले.

पण गैरकृत्य सिद्ध कोणी करायचे? येथे एका खाटकाच्या पोऱ्याची गोष्ट सांगितली पाहिजे. चार्ल्स प्रीस्टली हा लिंकनशायरमधल्या थॉमस फाउलर नावाच्या खाटकाकडे कामाला होता. १८३५ साली प्रमाणाबाहेर माल भरलेली घोडागाडी मोडून त्याची मांडी मोडली. ज्युरीने त्याला शंभर पौंड देवविले. १८३७ साली वरच्या न्यायालयात लॉर्ड अ‍ॅबिंजर यांनी ते काढून घेतले. मालकाने स्वतःची घेतो त्याहून नोकराची अधिक काळजी घ्यावी असे बंधन नाही, आणि गाडी धोक्याची वाटली तर नोकराने नाही म्हणावे, असे त्यांचे म्हणणे. पोराला भरपाई दिली तर उद्या दासीने ओलसर अंथरूण घातले म्हणून नोकर धन्यावर फिर्याद करतील, हीही भीती त्यांनी बोलून दाखवली. या निकालातून ‘सहकामगाराच्या चुकीला मालक जबाबदार नाही’ हे तत्त्व वाढले आणि त्याने कामगारांना पुढे शतकभर छळले. आपल्याकडे ती सबब १९३८ च्या कायद्याने मालकांच्या हातून काढली, इंग्लंडात १९४८ साली. कामगार कायद्याच्या या सर्वांत कडू प्रकरणाची सुरुवात एका वाहनाच्या मोडण्याने झाली, हे आमच्या ड्रायव्हर मंडळींना मी नेहमी सांगतो.

या भिंतीला पहिले मोठे भगदाड पडले ते १८९७ च्या इंग्लिश कायद्याने, आणि ते पाडणारे हत्यार होते ‘अपघात’ हाच शब्द. कामामुळे आणि काम चालू असताना ‘अपघाताने’ इजा झाली की मालकाने भरपाई द्यावी. चूक कोणाची ते विचारायचे नाही. १९०३ साली फेंटन नावाच्या कामगाराच्या खटल्यात, यंत्राचे चाक जोराने फिरवताना त्याचे अंतर्गळ उतरले होते, उमरावांच्या न्यायालयाने सांगितले की सामान्य माणूस ज्याला अनपेक्षित, न योजलेले संकट म्हणतो तो अपघात. १९१० साली तर याची कमाल झाली. न्यूकॅसलहून निघालेल्या आगगाडीत कोळशाच्या खाणीचा पगार घेऊन जाणाऱ्या निस्बेट नावाच्या खजिनदाराचा खून झाला. खुन्याला फाशी झाली. परंतु भरपाईच्या दाव्यात न्यायालयाने ठरवले की, मरणाऱ्याच्या बाजूने पाहता हा अपघातच आहे, आणि विधवेला तिचा हक्क मिळाला. एकच घटना फौजदारी कोर्टात खून आणि भरपाईच्या कोर्टात अपघात! मला विचाराल तर इंग्लिश न्यायाधीशांनी फार थोड्या वेळा इतके शहाणपण दाखवले आहे.

आपला १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा याच घडणीचा. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला, आणि त्यातला ‘अपघात’ हा शब्द कामगाराच्या बाजूने उभा राहिला. पुस्तकांत वाचण्याआधी हे मला एका बाईने शिकवले. आमच्या युनियनचा एक चालक सलग दुसऱ्या रात्री गाडीवर होता. ब्रेक धरत नाहीत ही तक्रार त्याने वहीत दोनदा लिहिली होती. पहाटे चारच्या सुमारास मागचे दिवे नसलेल्या एका उभ्या ट्रेलरवर गाडी गेली. क्लीनर वाचला, चालक जागीच गेला. गुन्हा नोंदला गेला तो मेलेल्या चालकावर! मालक म्हणाला, डुलकी लागली, त्याला मी काय करू. मी सभा घेतली आणि हा अपघात नाही, हा खून आहे असे गरजलो. टाळ्याही मिळाल्या. पंधरा दिवसांनी त्याच्या बायकोचा भरपाईचा अर्ज लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत लिहिले, ‘कामावर असताना अपघाताने मृत्यू.’ तिने तो मजकूर वाचायला लावला आणि म्हणाली, “भाऊ, सभेत खून म्हणालात, हितं अपघात लिवताय. मी पोरास्नी काय सांगू?” मला उत्तर आले नाही. निस्बेटचा खटला मी तेव्हा वाचलेला नव्हता. भरपाई मिळाली, उशिरा मिळाली, पण मिळाली. कारण मृत्यू आला असेल तर कामगाराच्या बेफिकिरीची सबब या कायद्यापुढे चालत नसे.

आता मोटारीकडे वळू. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला प्रात्यक्षिकासाठी फिरवल्या जाणाऱ्या एका मोटारीने मारले. निर्णय झाला ‘अपघाती मृत्यू’. असे पुन्हा कधी घडू नये, अशी आशा कोरोनरने व्यक्त केली म्हणतात. ती आशा किती फळली ते आपण पाहतोच. कारखान्यातून हा शब्द आता रस्त्यावर आला. पण येताना भरपाईची हमी मागे ठेवून आला आणि नुसती माफी बरोबर घेऊन आला.

अमेरिकेत सुरुवातीला लोकांनी हे मुकाट्याने घेतले नाही. १९२३ साली सिनसिनाटी शहरात बेचाळीस हजार नागरिकांनी सह्या करून मागणी केली की, मोटारीच्या यंत्रातच अशी कळ बसवा की ताशी पंचवीस मैलांच्या वर ती धावूच नये. मोटारविक्रेते खडबडून जागे झाले, जोरदार प्रचार झाला आणि मतदानात ती सूचना पडली. त्यानंतर मोटारधंद्याने एक नवा खलनायक पुढे केला: वाटेल तेथे रस्ता ओलांडणारा पादचारी. त्याला ‘जेवॉकर’ म्हणू लागले. ‘जे’ म्हणजे खेडवळ, गावंढळ. चाकाखाली येणारा गावंढळ ठरला आणि चाक निर्दोष सुटले. कारखान्यांतही हेच गाणे चाले. क्रिस्टल ईस्टमन या बाईंनी पिट्सबर्गच्या परिसरात १९०६-०७ च्या एका वर्षात कामावर मेलेल्या ५२६ जणांची एकेक करून चौकशी केली. बहुतेक अपघात कामगाराच्या बेफिकिरीने होतात, ही तेथील बड्या लोकांची समजूत त्या चौकशीत टिकली नाही. १९१० साली त्यांचे पुस्तक निघाले.

मोटारीच्या बाबतीत तेवढी कसून चौकशी व्हायला १९६५-६६ उजाडावे लागले. राल्फ नेडरने गाड्यांच्या रचनेतले दोष चव्हाट्यावर मांडले, कायदा झाला, आणि रस्तासुरक्षेच्या नव्या खात्यावर विल्यम हॅडन हा डॉक्टर नेमला गेला. त्याच्यासमोर कोणी ‘अ‍ॅक्सिडेंट’ म्हटले की दहा सेंटांचा दंड घेई असे सांगतात. त्याची मांडणी साधी होती. माणसाला मारते ती ऊर्जा. वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. ती शरीरापर्यंत पोचू नये यासाठी पट्टा, दबणारे सुकाणू, न फुटणारी काच यांची सोय करता येते. टक्कर होण्यापूर्वी काय, होताना काय, झाल्यावर काय, असे तीन प्रश्न तो विचारी. काळ आणि दैव यांना त्याने रजा दिली. शब्द बदलण्याचा आग्रह धरण्याचा अधिकार असल्या माणसाला आहे, कारण त्याने आधी प्रश्न बदलले.

नुसता शब्द बदलून प्रश्न तेच राहिले तर काय होते? ‘धडक’ म्हटले की ‘धडक कोणी दिली’ असे आपण विचारतो, आणि उत्तर तयारच असते: ड्रायव्हरने. बेदरकार आणि निष्काळजी कृत्याने मृत्यू घडवण्याचे ३०४-अ हे कलम दंडसंहितेत १८७० साली आले. त्याखाली स्टिअरिंगवर बसलेला हात सापडे. त्या हाताला अठरा तास बसवणारा सहसा सापडत नसे. जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभरचे ट्रकचालक संपावर गेले ते यासाठीच. नव्या न्यायसंहितेत, माणूस मारून कोणाला न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली होती. पळणे वाईटच, मी त्याची वकिली करीत नाही. पण जमाव कसा जमतो आणि काय करतो हे केबिनमध्ये बसलेल्यालाच ठाऊक. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा तेवढे पोटकलम बाजूला ठेवावे लागले. आणि मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घालणारा कायदा १९६१ सालीच झाला होता! तो मोडल्याबद्दल कोणा मालकाला कैद झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आपल्या मराठी शब्दाविषयी दोन शब्द बोलतो. हिंदीत ‘दुर्घटना’ म्हणतात; वाईट घडले, एवढाच अर्थ. इंग्रजी शब्दाचे लॅटिन मूळही ‘येऊन पडणे’ असेच आहे. मराठी शब्दात मात्र ‘घात’ आहे. विश्वासघात, आत्मघात, घातपात. जेथे जेथे घात आहे तेथे तेथे करणारा कोणीतरी आहे. ‘अपघात’ म्हणताना आपण तो घात गिळून टाकतो, हा दोष शब्दाचा कमी आणि आपल्या कानांचा अधिक. म्हणून भरपाईच्या अर्जात मी ‘अपघात’च लिहीन आणि कोणी तो शब्द कायद्यातून काढू लागला तर आडवा पडेन. वर्तमानपत्राने मात्र ‘धडक’ लिहावे, ‘टक्कर’ लिहावे, आणि काळाला निवृत्त करावे. पंचनाम्याच्या कागदावर कोणता शब्द छापता याची मला फिकीर नाही. त्यावर चार रकाने वाढवा: चालक किती तास जागा होता, ब्रेकची शेवटची तपासणी केव्हा झाली, गाडीत माल किती होता, रस्त्यावर दिवा होता की नाही.

सरकार ते रकाने वाढवील तेव्हा वाढवील. आमच्या कचेरीत आम्ही एक वही घातली आहे. गाडी लागली की युनियनचा माणूस जाऊन हीच माहिती तिच्यात उतरवतो. वहीच्या पुठ्ठ्यावर काय लिहावे यावर कार्यकारिणीत तासभर वाद झाला. ‘अपघात’ लिहू देईनात, ‘धडक’ म्हटले तर चालक मंडळी रुसली. शेवटी आमच्या कारकुनाने ‘गाड्यांची वही’ असे लिहिले आणि चहा मागवला.