बोअरची गाडी आणि लँकेशायरची विहीर

शेतात बोअर पाडणाऱ्या गाडीच्या मालकाला सरकारदरबारी नोंदणी का करावी लागते, याचं उत्तर माझ्या मते इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या एका विहिरीत आहे. 1821 मध्ये एका सूतगिरणीसाठी ती खणली गेली. पुढे जवळच्या कोळसा-खाणींनी पाणी ओढलं आणि विहीर आटली. 1843 च्या ‘ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल’ खटल्यात न्यायालय म्हणालं, जमिनीखाली झिरपणारं पाणी जमीनमालकाचं. त्याच्या उपशाने शेजाऱ्याची विहीर कोरडी पडली, तरी दाद नाही. वाळूतून पाणी कसं वाहतं याचा नियम फ्रेंच अभियंता दार्सीने मांडला 1856 मध्ये, निकालानंतर 13 वर्षांनी. पाण्याची वाट कुणालाच ठाऊक नव्हती, तेव्हा त्याची मालकी ठरून गेली होती!

हेच तत्त्व 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात सातव्या कलमाखाली एक उदाहरण म्हणून आलं. मध्य प्रांतात ते सुरुवातीपासून होतं, मुंबई इलाख्यात 1891 मध्ये पोचलं. वडारांच्या पहारीने महिनोन्‌महिने विहीर खणली जात होती, तोवर त्याची झळ फारशी बसली नाही. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा आला आणि काळा पाषाण एका रात्रीत शेकडो फूट भेदला जाऊ लागला. आता आवरायचं कुणाला? जमीनमालकाच्या हाती जुना हक्क, आणि विहिरी लाखोंनी. गाड्या त्यामानाने मोजक्या, शिवाय प्रत्येकीला नंबर. पाण्याला हात लावणं अवघड, म्हणून कायद्याने यंत्र धरलं, असा माझा तर्क आहे.

याविरुद्ध सांगितलं जातं, की नोंदणीचा उगम उघड्या बोअरमध्ये मुलं पडण्याच्या अपघातांत आहे. 2006 मध्ये कुरुक्षेत्र जिल्ह्यात असा अपघात देशाने पाहिला आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोअर पाडणाऱ्यांची नोंदणी सक्तीची केली, हे खरंच. पण आंध्रच्या 2002 च्या कायद्यात ही नोंदणी आधीच होती. अपघातांनी नियमाला धार दिली, जन्म नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: महाराष्ट्राच्या 1993 च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातलं, म्हणजे मालकालाही आवरता येत होतं. येत होतं, पण फक्त पिण्याच्या पाण्याच्या नावाने आणि स्रोताभोवतीच्या वर्तुळापुरतं. वर्तुळाबाहेर जुना हक्क तसाच उभा होता. म्हणून 2009 च्या भूजल कायद्याला शेती-उद्योगाच्या बोअरसाठी 60 मीटरची मर्यादा घालताना गाडीमालक आणि चालक या दोघांचीही नोंदणी मागावी लागली.

सातव्या कलमाखालचं ते उदाहरण आजही कायद्याच्या पुस्तकात आहे.