चहाच्या कपातले दोन रेणू

गोखिवऱ्यात कारखान्यांच्या गाळ्यांतली रात्रपाळी कटिंग चहावर चालते आणि परीक्षेच्या दिवसांत मुलांचे जागरणही. चहाने तरतरी येते, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. आता मात्र चहातलेच थिॲनीन हे अमिनो आम्ल गोळ्यांच्या रूपात मिळते. त्याने मन शांत राहून एकाग्रता वाढते, असे सांगितले जाते. एखाद्या पालकाने शिक्षकांना याविषयी विचारले, तर काय सांगावे? आम्हाला वाटते, उत्तराची वाट इतिहासातून जाते.

१८१९ मध्ये जर्मन कवी गटे याने रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाला कॉफीच्या बिया तपासायला दिल्या. रुंगेने त्यांतून कॅफीन वेगळे केले. १८२७ मध्ये चहातून ‘थेईन’ मिळाले. ते कॅफीनच आहे, हे १८३८ मध्ये ठरले. तरतरीचे कारण हाती आले. ते काम कसे करते, हे मात्र विसाव्या शतकात उलगडले. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसीन साठत जाते आणि पेंग येऊ लागते. कॅफीन ॲडेनोसीनची जागा अडवते. म्हणजे थकवा जात नाही. त्याची वर्दी तेवढी पोचत नाही.

१९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर लिहिले. त्यात चहाला विरोध होता, आणि आक्षेप होता टॅनिनवर. चहातले थिॲनीन तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १९४९ मध्ये जपानच्या साकातो यांनी ग्योकुरो चहातून ते वेगळे केले. हा चहा तोडणीआधी सावलीत ठेवतात. उन्हात थिॲनीनपासून तुरट द्रव्ये बनतात, सावलीत ते पानात टिकते. चहाच्या चवीचा घटक म्हणून त्याची ओळख झाली; एकाग्रतेचा दावा पुढचा.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २७ जणांना ५० मिलिग्रॅम कॅफीनबरोबर १०० मिलिग्रॅम थिॲनीन दिले, तेव्हा लक्ष एका कामावरून दुसऱ्याकडे वळवण्याचा वेग आणि अचूकता वाढली. पण २०११ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने उपलब्ध पुरावा तपासला आणि थिॲनीनमुळे आकलनशक्ती सुधारते असे सिद्ध होत नाही, असा निर्वाळा दिला.

प्रौढ शरीरातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला चहा घेतला, तर दोन वाजता निम्मे आणि सकाळी सातला पाव कॅफीन उरते. हे गणित वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. वाचलेले स्मरणात पक्के होते ते झोपेत, आणि उधारी पडते ती नेमकी तिथेच. म्हणून गोळीविषयी विचारणाऱ्या पालकांना आम्ही आधी विचारू: मूल झोपते किती?