राजाश्रय, लोकाश्रय आणि योकोहामाचा एक संघ

खेळ हा करमणुकीचा विषय. त्याच्या इतिहासांत विचार करण्यासारखें एवढें काय असणार, असा प्रश्न कित्येक सुज्ञ वाचकांच्या मनांत येईल. सामान्यतः तो बरोबरही आहे. कोणत्या वर्षीं कोणीं कोणावर किती गोल केले, हा हिशेब ज्याचा त्याला गोड. परंतु एखाद्या संस्थेला हजारों लोक आपली म्हणतात, तिच्यासाठीं उन्हापावसांत तिष्ठतात, आणि तिचा खर्च मात्र भलताच कोणी चालवितो, तेव्हां ती संस्था खरोखर कोणाची, हा प्रश्न खेळापुरता राहत नाहीं. आपल्याकडे गवई, शिल्पी आणि मल्ल यांच्यासंबंधीं बोलतांना राजाश्रय व लोकाश्रय हे दोन शब्द फार दिवसांपासून रूढ आहेत. राजाश्रयानें विद्या फुलते, पण राजाची मर्जी फिरली कीं ती उघड्यावर पडते. लोकाश्रय टिकाऊ खरा, पण तो जमविणें दुर्घट. असें आपण सहज बोलून जातों. जपानमधील योकोहामा शहराच्या एका धंदेवाईक फुटबॉल संघाच्या चरित्रांत ह्या दोन्ही आश्रयांची परीक्षा अवघ्या पंधरा वर्षांत झाली. तिचा निकाल वाटतो तितका सोपा नाहीं, म्हणून ती हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जपानांत फुटबॉल रुजला तो विद्यालयांत आणि पोसला गेला तो कारखान्यांत. १९६५ सालीं तेथें पहिली देशव्यापी साखळी स्पर्धा सुरू झाली. तिच्यांतील संघांचीं नांवें मित्सुबिशी, हिताची, फुरुकावा, तोयो कोग्यो अशीं होतीं; तीं गांवांचीं नव्हतीं, कंपन्यांचीं होतीं. खेळाडू हे त्या कंपन्यांचे नोकर. त्यांनीं कचेरींत काम करावें, उरल्या वेळांत सराव करावा, आणि अंगांतली रग संपली कीं पुन्हा मेजापाशीं जाऊन बसावें. ही व्यवस्था टाकाऊ होती असें म्हणवत नाहीं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकांत जपाननें कांस्यपदक मिळविलें तें मुख्यतः अशाच खेळाडूंच्या बळावर. मात्र प्रेक्षकाचें तींत कांहींच नव्हतें. कारखान्याचा संघ जिंकला तर शोभा कारखान्याची. बाहेरच्या माणसानें टाळ्या वाजवाव्या आणि घरीं जावें.

आमच्या कथेंतील संघाचा जन्म मात्र कारखान्यांत झाला नाहीं. योकोहामा हें १८५९ सालीं परदेशी व्यापारास खुलें झालेलें बंदर. १९६४ सालीं, म्हणजे टोकिओच्या ऑलिंपिक वर्षांत, तेथील नाका विभागांतील मुलांसाठीं निघालेल्या क्रीडामंडळापासून ह्या संघाची परंपरा सुरू होते. मुलें मोठीं झालीं, संघ वरच्या पायऱ्या चढूं लागला, तसा खर्चही चढूं लागला. आणि अखेर ऑल निप्पॉन एअरवेज ह्या विमानकंपनीचा हात त्यानें धरला. पुढें कंपनीचें नांव संघाच्या नांवांत आलें, आणि नांवापाठोपाठ कारभारही तिच्याकडे गेला. जुन्या मंडळींना हें रुचलें नाहीं. १९८६ च्या मार्चमध्यें, हंगामाच्या शेवटच्या सामन्याच्या दिवशीं, सहा खेळाडूंनीं ऐनवेळीं खेळण्याचें नाकारलें. उरलेले आठ जण मित्सुबिशीविरुद्ध कसेबसे उभे राहिले आणि अर्थातच हरले. त्या सहांवर बंदी आली व प्रकरण मिटलें. मिटलें म्हणजे दडपलें गेलें. कारण जो प्रश्न त्यांनीं आडदांडपणें विचारला होता, तोच बारा वर्षांनीं पुष्कळ मोठ्या समुदायानें अदबीनें विचारला.

मध्यंतरीं जपानी फुटबॉलचें रूप पालटलें. १९९३ च्या मे महिन्यांत जे-लीग नांवाची धंदेवाईक स्पर्धा दहा संघांनिशीं सुरू झाली. तिचे पहिले अध्यक्ष साबुरो कावाबुची हे स्वतः फुरुकावा कंपनीच्या संघांत खेळलेले. तेव्हां कंपनीच्या छत्राखालचें सुखही त्यांना ठाऊक होतें आणि उणीवही. त्यांनीं आग्रह धरला कीं, प्रत्येक संघानें एका गांवाशीं नातें जोडावें, त्या गांवाचें नांव धारण करावें, आणि कंपनीचें नांव मागें ठेवावें. पैसा पुरविणारास हें सहजीं पटणारें नव्हतें. योमिउरी वृत्तपत्राच्या धन्यांनीं तर ह्यावरून उघड वाद मांडला. तथापि नियम टिकला. विमानकंपनीचा संघ ‘योकोहामा फ्ल्यूगेल्स’ झाला. जर्मन भाषेंतील पंखवाचक शब्दावरून हें नांव घेतलें होतें. कंपनीची खूण अशी आडवाटेनें राहिलीच. त्याच शहरांत निस्सान मोटारकंपनीचा ‘मरिनोस’ हा दुसरा संघ होता. फ्ल्यूगेल्सच्या खर्चांत सातो कोग्यो ही बांधकामाची कंपनी भागीदार होती. संघाचे कांहीं सामने दूर क्यूशू बेटावरही होत. यावरून त्याचीं मुळें योकोहामाच्या मातींत किती खोल गेलीं होतीं याविषयीं शंका घेण्यास जागा आहे. नांव बदललें, झेंडा बदलला. खर्चाची वही मात्र होती त्याच कचेरींत राहिली.

खेळांत संघ कमी नव्हता. १९९४ च्या नववर्षदिनीं सम्राटचषकाच्या अंतिम सामन्यांत त्यानें काशिमा अँटलर्सला ६-२ असें हरविलें. १९९५ सालीं आशियांतील चषकविजेत्या संघांची स्पर्धाही त्यानें जिंकली. त्याच वर्षीं झिन्यो, सेझार सांपायो आणि एव्हायर हे ब्राझीलचे नामांकित खेळाडू मोठ्या मोलानें आणण्यांत आले. पैसा आहे तोंवर अशा खर्चास कोणी खर्च म्हणत नाहीं, वैभव म्हणतात. परंतु जपानची आर्थिक भरभराट १९९० नंतर ओसरली होती, आणि १९९७ सालीं तर मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या. बांधकामाच्या धंद्याला त्याची झळ फार लागली. सातो कोग्योनें संघांतून अंग काढून घेतलें. विमानकंपनी स्वतःच अडचणींत, तिला एकटीला भार पेलवेना. निस्सानचाही काळ बरा नव्हता. दोन दुबळ्या आश्रयदात्यांनीं मिळून एक संघ पोसावा, असा व्यवहारी तोडगा निघाला. २९ ऑक्टोबर १९९८ रोजीं जाहीर झालें कीं, फ्ल्यूगेल्स मरिनोसमध्यें विलीन होणार. आठवण म्हणून मरिनोसच्या नांवामागें एक ‘एफ’ हें अक्षर लागणार होतें.

हिशेबाच्या दृष्टीनें पाहतां ह्या तोडग्यांत दोष काढणें कठीण आहे. तोट्यांतला व्यवहार कोणीही आवरता घेतोच. दोष होता तो दुसऱ्या ठिकाणीं. पांच वर्षें ज्या लोकांना ‘हा तुमच्या गांवाचा संघ’ असें सांगितलें, त्यांना निर्णयापूर्वीं एका शब्दानें कोणी विचारलें नाहीं. खेळाडूंनाही निर्णय झाल्यावरच कळलें. सामन्याच्या तिकिटांपुरता संघ गांवाचा, आणि मरणाच्या वेळीं कंपनीचा, असा हा न्याय झाला. चाहत्यांनीं रस्त्यांवर उभें राहून सह्या गोळा केल्या. खेळाडूही त्यांच्या जोडीला उभे राहिले. संघ विकत घ्या, दुसरा धनी शोधा, निदान थांबा, असें त्यांचें म्हणणें होतें. सह्यांचे गठ्ठे पोंचले. पण डिसेंबरच्या आरंभीं विलीनीकरणाच्या करारावर शिक्कामोर्तब झालें.

यापुढें जें घडलें त्यामुळें ही कथा जपानांत अजून सांगितली जाते. मरण ठरलेल्या संघानें हरण्याचें नाकारलें. जर्मन शिक्षक गर्ट एंगेल्स यांच्या हाताखालीं त्यानें लीगमधील उरलेले सारे सामने जिंकले. नंतर सम्राटचषकाची स्पर्धा आली. तिचा नियम असा कीं, हरला तो बाहेर. म्हणजे ज्या दिवशीं हार, त्याच दिवशीं संघाचा अंत. उपांत्यपूर्व फेरींत ज्युबिलो इवाता आणि उपांत्य फेरींत काशिमा अँटलर्स, असे त्या वेळचे देशांतले दोन सर्वांत बलाढ्य संघ त्यानें पाठोपाठ हरविले. १ जानेवारी १९९९ रोजीं टोकिओच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर सुमारें ५० हजार प्रेक्षकांसमोर शिमिझु एस-पल्सशीं अंतिम सामना झाला. जे-लीगमधील फ्ल्यूगेल्सचा अगदीं पहिला सामनाही ह्याच एस-पल्सशीं झाला होता. शिमिझुनें आधीं गोल केला; फ्ल्यूगेल्सनें बरोबरी केली; उत्तरार्धांत ताकायुकी योशिदानें दुसरा गोल केला, आणि २-१ असा सामना संपला. कर्णधार मोतोहिरो यामागुचीनें चषक उंच धरला. त्या दिवशीं देशांतील सर्वांत जुन्या चषकाचा जो मानकरी झाला, तो संघ दुसऱ्या दिवसापासून खेळावयास उरला नाहीं.

त्या संघांतील गोलरक्षक सेइगो नाराझाकी पुढें कित्येक वर्षें राष्ट्रीय संघांत खेळला. त्याच वर्षीं शाळेंतून येऊन दाखल झालेला यासुहितो एन्दो ह्यानें पुढें जपानतर्फे १५२ सामने खेळून उच्चांक केला. माणसें वायां गेलीं नाहींत. गेली ती त्यांना एकत्र बांधणारी वस्तु.

येथें हरलेल्या संघाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. कारण ती ह्या प्रश्नाची दुसरी बाजू आहे. शिमिझुचा संघ कोणत्याही कंपनीच्या पोटीं जन्मलेला नव्हता. जे-लीगच्या आरंभींच्या दहांत तो गांवाच्या उत्साहावर उभा राहिलेला होता. साहजिकच १९९७ सालीं तो कर्जांत बुडण्याच्या बेतांत आला. तेथेंही चाहत्यांनीं सह्या गोळा केल्या. तेथें मात्र १८०१ सालापासून त्याच बंदरांत व्यापार करीत आलेली सुझुयो ही पेढी पुढें आली आणि संघ वांचला. सह्या दोन्हीं गांवांनीं केल्या. एकास फळ आलें, दुसऱ्यास नाहीं. शिमिझुंत धनी आणि चाहते एकाच गांवचे रहिवासी होते, एवढा फरक आमच्या नजरेस येतो. फ्ल्यूगेल्सच्या आश्रयदात्यांच्या मुख्य कचेऱ्या योकोहामांत नव्हत्या. ज्याला रोज त्याच रस्त्यानें जावयाचें असतें, त्याला लोकांच्या सह्या इतक्या सहज बाजूला सारतां येत नाहींत.

योकोहामाच्या चाहत्यांपैकीं पुष्कळांनीं त्या ‘एफ’ अक्षरानें समाधान मानण्याचें नाकारलें. त्यांनीं वर्गणी जमविली आणि अंतिम सामन्यापूर्वींच, १९९८ च्या डिसेंबर महिन्यांत, संघ चालविण्यासाठीं स्वतःची मंडळी स्थापन केली. बार्सिलोनाच्या संघाप्रमाणें वर्गणीदार सभासदांनींच संघाचे मालक व्हावें, अशी त्यांची कल्पना होती. ह्या संघाचें नांव ‘योकोहामा एफसी’. त्याच्या चिन्हावर राखेंतून उठणारा फिनिक्स पक्षी आहे. पश्चिम जर्मनीच्या १९९० च्या जगज्जेत्या संघांतील पिएर लिटबार्स्की पहिला शिक्षक झाला, आणि जर्मनीच्या लीगमध्यें खेळलेला पहिला जपानी खेळाडू यासुहिको ओकुदेरा यानें कारभाराची धुरा घेतली. अनुकंपेनें वरची जागा कोणी दिली नाहीं. खालच्या पायरीवरून चढावें लागलें. १९९९ व २००० सालीं त्या पायरीवर पहिला क्रमांक मिळवून २००१ सालीं संघ जे-लीगच्या दुसऱ्या वर्गांत आला.

येथें कथा संपविली असती तर लोकाश्रयाचा जयजयकार करून आम्हांस लेखणी खालीं ठेवतां आली असती. पण वस्तुस्थिति तशी नाहीं. थोड्याच वर्षांत सभासद आणि संघ चालविणारी मंडळी यांच्यांत वितुष्ट आलें. वर्गणी देणाऱ्यांस वाटे, आपण मालक. मंडळीस वाटे, कायद्यानें भाग ज्यांच्या नांवें ते मालक. वर्गणीवर धंदेवाईक संघाचा खर्च भागेना. अखेर सभासदांचा कारभारांतील हात सुटला, आणि २००५ च्या सुमारास भोजनव्यवस्थेचा धंदा करणारी एक कंपनी संघाची मुख्य भागीदार झाली. कंपनीच्या हातून सुटून निघालेला संघ फिरून एका कंपनीच्याच दारीं आला. २००६ सालीं त्यानें दुसऱ्या वर्गांत पहिला क्रमांक पटकावला. १० मार्च २००७ रोजीं मित्सुझावाच्या जुन्या मैदानावर त्यानें ज्या मरिनोसमध्यें पूर्वीचा संघ विरघळला होता त्याच संघाला १-० असें हरविलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मरिनोसनें त्याची ८-१ अशी परतफेड केली, आणि हंगामाअखेर संघ खालच्या वर्गांत उतरला. तेव्हांपासून तो कधीं वर, कधीं खालीं असा हेलकावे खात आला आहे.

मग त्या चाहत्यांचा खटाटोप फुकट गेला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांच्या संघाला पुन्हा धनी लागला हें खरें. परंतु धनी आल्यावरही संघ त्यांच्या शहरांत राहिला, त्यांनीं ठेवलेल्या नांवानें राहिला. फ्ल्यूगेल्सच्या अंतानें एक गोष्ट साऱ्या देशास कळून चुकली होती कीं, संघाचा जमाखर्च ही केवळ मालकाची खाजगी बाब नव्हे. २०१३ च्या हंगामापासून जे-लीगनें प्रत्येक संघाची आर्थिक स्थिति दरवर्षीं तपासून मगच खेळण्याचा परवाना देण्याची पद्धत सुरू केली. निखळ प्रेमानें संस्था तगत नाहीं, तिचे आंकडे वेळींच पाहावे लागतात, हा धडा तिच्यांत आहे.

राजाश्रय आणि लोकाश्रय हे एकमेकांचे वैरी, असें समजण्याची आपली संवय आहे. योकोहामाचा इतिहास सांगतो कीं, एकट्यानें दोन्ही अपुरे आहेत. जेथें पैसा देणारा लोकांना विचारीत नाहीं, तेथें सम्राटाचा चषक हातांत असतांनाही संस्था मरते. आणि जेथें लोक प्रेम देतात पण व्यवस्था निर्माण करीत नाहींत, तेथें ती दुसऱ्याच्या हातीं जाते. आपण ज्या वाचनालयांना, नाट्यगृहांना, तालमींना आणि शाळांना ‘आपल्या’ म्हणतों, त्यांच्यासाठीं वर्गणी किती जमली हें आपण हौसेनें विचारतों. त्या बंद करण्याचा अधिकार कागदोपत्रीं कोणाच्या हातीं आहे, हेंही तितक्याच आस्थेनें विचारण्याची संवय लागली, तर एका दूरच्या बंदरांतील फुटबॉल संघाचें मरण आपल्यापुरतें तरी व्यर्थ गेलें नाहीं असें होईल.