मेजवानी, देणगी आणि सिमेंटची पोती

मंडळी, विज्ञान संग्रहालयासाठी महागडे पास विकून मेजवानी ठेवायची, ही पद्धत जगभर रुळलीय. त्यात वाईट काही नाही. पण म्युनिकचा इतिहास वेगळंच सांगतो.

१९०३ मध्ये ऑस्कर फॉन मिलर या इंजिनिअरने डॉइचेस म्युझियमचा घाट घातला. शहराने इसार नदीतलं बेट दिलं. पुढे महायुद्ध आलं, १९२३ च्या महागाईत नोटांचा नुसता कागद झाला. मिलरने मात्र कंपन्यांकडून सिमेंट, लोखंड असा मालच मागून घेतला. ७ मे १९२५ ला, त्याच्या सत्तराव्या वाढदिवशी, इमारत खुली झाली. आत बटण दाबून यंत्रं स्वतः चालवता यायची.

म्हणून आपल्याकडे विज्ञान केंद्रासाठी कुणी पावती फाडायला आलं, तर देणगी जरूर द्या. फक्त एक विचारा: पोरांच्या हाताला काय लागणार?