सनामागची खूण

उर्दूत आकड्यापुढे दोचश्मी 'हे' असेल तर सन हिजरी, हम्जासारखी खूण असेल तर इसवी. मराठीत उतरवताना आकडा येतो, खूण मागे राहते. धुळे जिल्ह्यातील थाळनेरचे मलिक राजा फारुकी ८०१ मध्ये वारले, एवढेच लिहिले तर वाचक त्यांना राष्ट्रकूटांच्या काळात नेऊन बसवील. खरे तर हि.स. ८०१ म्हणजे इ.स. १३९९, अंतर ५९८. अकबराने असीरगड घेतला तो हि.स. १००९, इ.स. १६०१, अंतर ५९२. चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून अंतर घटत जाते. ठरावीक आकडा मिळवून भागत नाही. यासाठी आम्ही जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यांना सांगतो : दोन्ही सन लिहा, खुणेसह. नाहीतर आपल्याच बुजुर्गांचा काळ सहाशे वर्षांनी हुकेल.