कादंबरीतील ‘मी’ आणि चित्रपट

भिलाईचे नाव निघताच पोलादाचा कारखाना डोळ्यांपुढे उभा राहतो. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि भिलाई हे नव्या भारताच्या उद्योगशीलतेचे प्रतीक ठरले. परंतु त्याच लोहमार्गावर भिलाईच्या एका बाजूस राजनांदगाव व दुसऱ्या बाजूस रायपूर आहे. या परिसरातील दोन हिंदी लेखकांच्या साहित्यावरून एकाच दिग्दर्शकाने चित्रपट काढले. त्यांचा विचार मराठी वाचकालाही उपकारक ठरेल. कारण त्यांपैकी गजानन माधव मुक्तिबोध यांची मातृभाषा मराठीच होती, आणि कवी शरच्चंद्र मुक्तिबोध हे त्यांचे बंधू.

कादंबरीवरून चित्रपट करण्याची आपली परंपरा जुनी आहे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून १९३७ साली व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ निर्माण केला; १९५३ साली आचार्य अत्रे यांनी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली आणि तिला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. या दोन्ही कृती थोर आहेत. तथापि त्यांचे सामर्थ्य मुख्यतः प्रसंगांत आहे. जरठविवाहास नकार देणारी नीरा काय, किंवा श्यामची माउली काय, ही माणसे कृतीतून प्रकट होतात, आणि कृती कॅमेऱ्याला दिसते.

विनोदकुमार शुक्ल यांच्या ‘नौकर की कमीज़’ या १९७९ च्या कादंबरीत असे ठळक प्रसंग थोडेच. साहेबाने आदर्श नोकरासाठी एक सदरा शिवून घेतला आहे. तो ज्याला बेतशीर बसेल तो नोकर. कचेरीतला कारकून संतू याच्या अंगावर तो बळेच चढवला जातो. कथावस्तू एवढीच. कादंबरीचे सारे सत्त्व आहे ते संतूच्या निवेदनात: गळणारे छप्पर, घरभाडे, पत्नी यांच्याविषयी तो ज्या भोळ्या, तिरकस वाक्यांनी बोलतो त्यांत. कॅमेरा संतूला बाहेरून पाहतो. ‘मी’ म्हणणे त्याला साधत नाही. मग रूपांतरकाराने काय करावे?

मणी कौल यांनी या प्रश्नाशी प्रथम झुंज घेतली ती मुक्तिबोधांच्या लेखनावरील ‘सतह से उठता आदमी’ (१९८०) या चित्रपटात. तेथे कथा क्रमाक्रमाने विरत जाते आणि लेखकाचे शब्दच प्रेक्षकासमोर येतात. १९९९ च्या ‘नौकर की कमीज़’मध्ये कथा आहे, पात्रे आहेत, पण अभिनय संयत आहे आणि गती संथ. प्रसंगाला चढ देण्याचा मोह दिग्दर्शकाने कटाक्षाने टाळला आहे. संतूची वाक्ये जशी घाई करीत नाहीत, तशी दृश्येही करीत नाहीत.

याची किंमत मोठी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘कुंकू’ने जो प्रेक्षक जिंकला तो कौल यांच्या वाट्यास आला नाही. परंतु मूळ कृतीतील किती प्रसंग राहिले व किती गळले याची मोजदाद म्हणजे रूपांतराची समीक्षा नव्हे. प्रसंग सारे राखूनही कादंबरी हरवू शकते. ज्या कादंबरीचा प्राण तिच्या वाक्यांच्या लयीत आहे, तिच्याशी इमान राखायचे तर त्या लयीला दृश्यांत प्रतिरूप शोधले पाहिजे. तेवढे साधले नाही, तर पडद्यावर केवळ सदरा येतो. तो घालणारा माणूस येत नाही.